वेस ओलांडून आलेले अंक

कळंबहून बार्शीकडे निघाले की वाटेत निजामाची हद्द संपायची. १९४८ पूर्वी अलीकडे मोगलाई, पलीकडे बार्शीत आधी इंग्रजी अंमल, मग स्वतंत्र भारत. अलीकडे सभा भरवायची तर गश्ती क्रमांक ५३ या हुकुमाखाली आधी परवानगी, खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. राज्यकारभार उर्दूतून, उच्च शिक्षणही मुख्यतः उर्दूतूनच.

अशा संस्थानासाठी आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले, तेही हद्दीबाहेर छापून. सरकारने बंदी घालावी आणि अंकाने नवे नाव घेऊन पुन्हा आत यावे, असा खेळ चालला. स्वतःचे नाणे, स्वतःची फौज असलेल्या दरबाराला चार पानांची एवढी धास्ती का? वेठबिगार, अधिकाऱ्यांची मुजोरी हे वाचणाऱ्याला नवे नव्हतेच. पण जे माझ्या गावात तेच परभणीत, तेच नांदेडात, हे छापलेले दिसले की नशिबाचा भाग वाटणारी गोष्ट अन्याय वाटू लागते. अन्याय म्हटला की तो करणारा कोण, हेही विचारावे लागते. दरबार घाबरला तो या प्रश्नाला.

हे आपण अभिमानाने सांगतो, पण अर्धेच. हैदराबादच्या ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान उर्दूतच लिहीत होते. संस्थान भारतात विलीन व्हावे आणि निजामसमर्थक रझाकारांना आवर घालावा, असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. उर्दू म्हणजे रझाकार, असे सोपे गणित मांडणाऱ्यांच्या भाषणात हे नाव सहसा येत नाही. सोयीचे नाही ना!

आणि आपण स्वतः? डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला पुरस्कार जाहीर केला आणि काही दिवसांतच रद्द केला. पुस्तकावर बंदी नव्हती, हे खरे. पण तज्ज्ञांनी निवडलेले पुस्तक सरकारला नकोसे झाले, तेव्हा मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या तालुक्यांतून कितीसा आवाज उठला? पुस्तकातले विचार चुकीचे असतील, तर ते वाचून खोडावेत.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, १७ सप्टेंबरला, ध्वजवंदन होते, भाषणे होतात. त्यानंतर तासभर कळंबच्या वाचनालयात बसावे, वाघमाऱ्यांच्या जोडीने शोएबुल्लांची माहिती पोरांना सांगावी आणि आपल्याला न पटणारे एक पुस्तक त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला घ्यावे.