देवाच्या दारातला बाजार

पुण्याच्या तुळशीबागेत रामाच्या दर्शनाला जायचं तर बाजारातूनच जावं लागतं. बांगड्या, झुमके, पितळी समया, हळदीकुंकवाचे करंडे, भातुकलीतली बोटभर उंचीची पातेली हे सगळं ओलांडलं की मग राम. नारो अप्पाजी खिरे यांनी हे मंदिर 1761 साली, म्हणजे पानिपताच्याच वर्षी, बांधायला घेतलं. पुढे त्याच्याभोवती दुकानं वाढत गेली.

देवाच्या दारात सौदा चालावा का? येशूने जेरुसलेमच्या मंदिरात सराफांची मेजं उलथून टाकली होती. आपल्याकडे वारकरी संतांनी व्यवहाराचा विटाळ मानला नाही. तुकोबांचं घर वाण्याचं. सावता माळ्याला विठ्ठल मळ्यातच भेटला. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, कारण त्या कागदांनी माणसं बांधली गेली होती. देण्याघेण्याने देव बाटत नाही, माणसाला अडवल्याने बाटतो.

म्हणून प्रश्न दाराचा आहे. पर्वतीच्या देवळात जाण्यासाठी अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना 1929 साली सत्याग्रह करावा लागला, तोही याच शहरात. बाजारही तेव्हा भेदभावापासून मुक्त नव्हता. पण मंदिराला जी कसोटी, तीच बाजारालाही लावायला हवी: ज्याच्या हातात काही नाही, त्याला इथे थांबता येतं का?

तुळशीबागेत एखादी मुलगी चार झुमके कानाला लावून आरशात बघते, भाव विचारते, घासाघीस करते आणि काहीच न घेता पुढे जाते. विक्रेती झुमके परत पुठ्ठ्यावर अडकवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारते. ही मुभा मोठी आहे, आणि ती पायी चालणाऱ्यालाच मिळते.

ही मुभा देणाऱ्या पथारीवाल्यांचाही रस्त्यावर हक्क आहे. रस्त्यावर विक्री करणं हा वाजवी बंधनांच्या अधीन राहून मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात म्हटलं. 2014 मध्ये पथविक्रेत्यांसाठी कायदाही झाला. तरी अतिक्रमणविरोधी गाडी दिसली की चादरीची चार टोकं घाईघाईने एकत्र येतात. पादचारी आणि पथारीवाला यांना एकमेकांचे शत्रू ठरवलं जातं, आणि दोघांची जागा खाणारी मोटार नामानिराळी राहते.

पुणे महापालिकेने 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी तुळशीबागेजवळच्याच लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला. महापालिकेने आता हा रस्ता कायमचा चालणाऱ्यांना द्यावा, आणि पथारीवाल्यांना त्यावर हक्काची जागा आखून द्यावी.