कागद वाचून देणाऱ्याची जबाबदारी

काही वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका मोहल्ल्यातून एक आई आमच्याकडे कागद घेऊन आली. मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. दहावीत दोनदा नापास झाला, मग वेल्डिंग शिकला. आता आखातात निघाला होता. कागद अरबी आणि इंग्रजीत होता. आम्ही उर्दू शिकवतो, तेव्हा आम्हाला अरबीही समजतच असणार, असा मोहल्ल्याचा भाबडा विश्वास. ती म्हणाली, "सर, जरा देख के बताओ, सब ठीक है ना?" आम्ही अक्षरे लावली, नाव पाहिले, पासपोर्टचा नंबर जुळवला आणि सांगून टाकले, "हां, व्हिसा है."

व्हिसा होता, हे खरे. पण तो भेटीचा होता, नोकरीचा नव्हता. मुलगा गेला, राबला. पगार अडला तेव्हा तक्रारीला जागाच नव्हती, कारण कागदावर तो कामगार नव्हताच. मुदत उलटल्याचा दंड भरून तो परतला. घरावर कर्ज तसेच राहिले. आईने आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट म्हणाली, "आपने तो पढ के दिया था." तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. जो दुसऱ्याला कागद वाचून देतो, त्याची जबाबदारी कुठे संपते?

आधी त्या कागदांवरचे शब्द पाहू. पासपोर्टवर 'ईसीआर' लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ 'उत्प्रवास तपासणी आवश्यक'. 1983 च्या उत्प्रवास कायद्याने ही तपासणी आणली. दहावी उत्तीर्ण नसलेला माणूस सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, अमिराती अशा ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी निघाला की सरकारच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याने करार तपासून परवानगी द्यावी लागते. हेतू संरक्षणाचा आहे. पण मोहल्ल्यात या अक्षरांना कलंक मानतात. जानेवारी 2018 मध्ये अशा लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे जाहीर झाले होते. टीका झाल्यावर त्याच महिन्यात ते मागे घ्यावे लागले. संरक्षण आणि शिक्का यांत अंतर किती थोडे असते, हे तेव्हा दिसले.

एजंट नेमका याच गैरसमजाचा फायदा घेतो. "तपासणीचे झंझट नको" म्हणत तो नोकरीऐवजी भेटीचा व्हिसा हाती ठेवतो. ज्या दारावर पहारेकरी उभा आहे, ते दार तो टाळतो आणि आपण त्यालाच सोय समजतो.

पुढचे शब्द तर आमच्याच उर्दूतले वाटतात. 'इकामा' म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. 'खुरूज' म्हणजे बाहेर पडणे. सौदीत देश सोडण्याच्या परवान्यावर हा शब्द येतो. 'हुरूब' म्हणजे पळून जाणे. कामगार पळाला अशी मालकाने नोंद केली की त्याचे तिथले राहणे बेकायदा ठरू शकते. आणि 'कफील' म्हणजे जामीन राहणारा, पुरस्कर्ता मालक. हजरत जकरियांनी मरियमचा सांभाळ केला, त्यासाठी कुरआनात याच धातूचे क्रियापद आले आहे. अनाथाचा सांभाळ करणाऱ्यालाही कफील म्हणतात. सांभाळाचा हा शब्द आखाताच्या कामगार-व्यवस्थेत मात्र एका माणसाचे राहणे-जाणे दुसऱ्याच्या मर्जीला बांधणारा झाला. पुढे कतारने 2018 आणि 2020 मध्ये, सौदीने 2021 मध्ये हे नियम बरेच सैल केले. तरीही 'मालक सांभाळेल' एवढ्या भरवशावर निघणे शहाणपणाचे नाही.

कोणी म्हणेल, सही त्याने स्वतः केली, सज्ञान आहे. पण न समजलेल्या शब्दाखाली केलेली सही ही संमती कशी? ती फक्त शाई. दुसरे कोणी म्हणेल, सरांची नियत साफ होती. होती. पण चिठ्ठी न वाचता औषध देणाऱ्या कंपाउंडरचीही नियत साफच असते. चांगली नियत आम्हाला गुन्ह्यापासून वाचवील. त्या घराला कर्जापासून वाचवीत नाही. "सब ठीक है" म्हणताना आम्ही त्या कागदाचे जामीन झालो होतो. कफील तिकडे एक होता, इकडे दुसरे आम्ही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, जे समजत नाही तिथे "आम्हाला हे कळत नाही, चला विचारू" असे उघड म्हणायचे. गुरुजींच्या तोंडून हे वाक्य निघायला जड जाते, पण त्यात फसवणूक नाही. दुसरी, दहावीच्या पालकसभेत हे शब्द फळ्यावर लिहायचे आणि सांगायचे, की एजंटची सरकारी नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासा, व्हिसावर 'नोकरी' आहे की 'भेट' ते पाहा, कराराची प्रत घरी ठेवा. दहावीचे प्रमाणपत्र मिळाले तर तपासणी सुटते, पण शब्द समजण्याची गरज सुटत नाही, हेही सांगायचे.

जळगाव-धुळ्याची मुले पोटासाठी दूर जातच राहतील. त्यांना अडवणारे आम्ही कोण? पण भुसावळला मुंबईची गाडी पकडण्याआधी खिशातला कागद त्यांना स्वतःला वाचता यावा, एवढे तरी देणे आम्ही शिक्षक लागतो.