होकार देऊन मागे फिरणे

मननासाठी शास्त्रभाग : शास्ते, अध्याय १७ व १८



सोलापूर शहरात सात रस्ता म्हणून एक चौक आहे. नावाप्रमाणे तेथे वाटा येऊन मिळतात, आणि कामाच्या शोधात खेड्यातून शहरात गेलेल्या आमच्या पुष्कळ तरुणांचे पाय त्या चौकास लागलेले आहेत. ज्यास एक वाट धरावयाची आहे त्यास बाकीच्या सोडाव्या लागतात, हे तेथे उभे राहिले असता लहान मुलासही समजते. परंतु नोकरीच्या बाबतीत हे साधे ज्ञान आम्ही विसरू लागलो आहो. एके ठिकाणी "येतो" म्हणून सांगावे, आणि दुसरीकडे चार पैसे अधिक दिसताच गुपचूप तिकडे वळावे, ही चाल आमच्या मंडळ्यांतही शिरली आहे. आईबाप तीस हुशारी म्हणतात, शेजारी कौतुक करतात, आणि उपदेशक गप्प बसतात. म्हणून ह्या विषयाचा आज शास्त्राच्या उजेडात थोडा विचार करू.

एक उदाहरण घेऊ. खेड्यातील एका मजुराची मुलगी परिचारिकेचे शिक्षण पुरे करते. त्या शिक्षणासाठी बापाने कर्ज काढलेले आहे. सोलापुरातील एका दवाखान्यात मुलाखत होऊन तिला महिना १४,००० रुपये ठरतात, आणि पहिल्या तारखेस हजर होते असे ती कबूल करते. पाळकांचे शिफारसपत्रही तिने नेलेले असते. पंचवीस तारखेस पुण्याहून फोन येतो की, १९,००० रुपये देऊ व राहण्याची सोय करू. पुढे काय होते? पुष्कळदा असे होते की, पहिल्या तारखेस मुलगी पुण्यास असते, आणि दवाखान्याच्या फोनची घंटा वाजत राहते; तो कोणी उचलीत नाही.

ह्या मुलीस आम्ही दुष्ट म्हणत नाही. महिन्यास पाच हजार म्हणजे वर्षास साठ हजार रुपये झाले. तेवढ्यात बापाच्या कर्जाचा मोठा हिस्सा फिटेल, धाकट्या भावाची शाळा चालेल, गळके छप्पर नीट होईल. ज्यांच्या दारात सावकार कधी उभा राहिला नाही त्यांनी तिला दोष देण्याची घाई करू नये. आम्ही एवढेच विचारतो की, ह्या पाच हजारांची किंमत कोण भरतो?

शास्त्यांच्या पुस्तकात एका तरुण लेव्याची गोष्ट आहे. तो बेथलेहेमाहून कामधंदा शोधीत एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखात आला. तेथे मीखा नावाच्या मनुष्याने त्यास आपल्या घरी याजक म्हणून ठेविले. वर्षास दहा रौप्यमुद्रा, एक पोशाख आणि पोटाला अन्न, असा करार ठरला. लेव्याने तो आनंदाने पत्करला, आणि मीखाने त्यास पोटच्या पुत्राप्रमाणे वागविले. पुढे दान वंशाचे सहाशे हत्यारबंद लोक त्या वाटेने आले. त्यांनी मीखाच्या देवघरातील मूर्ती उचलल्या आणि लेव्यास विचारले की, एका घराचा याजक असणे बरे की एका सबंध वंशाचा? शास्त्र सांगते की, हे ऐकून त्याचे मन हर्षित झाले. तो त्यांच्याबरोबर चालता झाला. मीखा आपले शेजारी घेऊन आक्रोश करीत मागे धावला, पण त्या वेळी लेवी त्याच्याशी एक शब्द बोलल्याचे लिहिलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की, मीखा तरी कोठे चांगला मनुष्य होता? खरे आहे. त्याने आपल्या आईचे अकराशे रुपे चोरले होते, आणि त्याचे देवघर मूर्तींचे होते. अशा घरची चाकरी सोडण्यास लेव्याजवळ उत्तम कारण होते. परंतु त्या कारणासाठी त्याने ती सोडली नाही, हेच लक्षात घेण्याजोगे आहे. मूर्तीचा वीट येऊन तो गेला असता तर आम्ही त्याची स्तुती केली असती. तो तर मूर्ती बरोबर घेऊन गेला! मालकाचे दोष त्यास अधिक लाभ दिसेपर्यंत कधी दिसलेच नव्हते. आमचेही असेच होते. "मालक तरी कोठे शब्द पाळतात?" हा प्रश्न दुसरा पगार पुढे आल्यावरच आमच्या तोंडी का येतो?

आणखी एक गोष्ट पाहा. ज्या दान वंशाने मीखाचे देवघर लुटले, त्यांच्याच शब्दावर लेव्याने विसंबावे हे नवल नव्हे काय? तू दुसऱ्यास शब्द दिला आहेस हे ठाऊक असूनही जो तुला तो मोडण्यास सांगतो, त्याला शब्दाची किती किंमत वाटते ते त्याने आधीच दाखविले आहे. उद्या तुझ्यापेक्षा स्वस्त माणूस मिळाला तर तो तुला दिलेला शब्द कसा पाळील?

कित्येक म्हणतात, "अजून कामावर रुजू झालो नाही, म्हणजे नोकरी लागलीच नाही." पण पहिल्या तारखेची वाट पाहणाऱ्या दवाखान्याने त्या जागेसाठी आलेल्या दुसऱ्या एका मुलीस "जागा भरली" म्हणून परत पाठविलेले असते. तीही कोणा मजुराचीच मुलगी असेल. तिच्याही बापाचे कर्ज असेल. पाच हजारांची किंमत पहिल्याने तिने भरली. रात्रपाळीस दोन परिचारिकांचे काम एकटीने करणाऱ्या बाईने भरली, आणि पाण्यासाठी हाक मारीत पडलेल्या रोग्याने भरली. पुढच्या वर्षी त्याच गावची दुसरी मुलगी पाळकांचे पत्र घेऊन त्याच दारी जाईल, तेव्हा ते पत्र कोणी उघडूनही पाहणार नाही. ही सर्व माणसे आमच्या हिशेबाच्या वहीत नसतात, देवाच्या वहीत असतात.

दुसरे म्हणतात, "देवानेच ही मोठी वाट उघडली." बंधूंनो, देवाचे नाव एवढ्या सहज घेऊ नये. पंधराव्या स्तोत्रात परमेश्वराच्या मंडपात कोण राहील हे सांगितले आहे, आणि आपले नुकसान झाले तरी दिलेला शब्द न फिरविणारा मनुष्य त्यांत मोजला आहे. तोच देव शब्द मोडून मिळणारा लाभ आशीर्वाद म्हणून पाठवील, असे आम्ही कसे म्हणावे?

आता कायद्याचे पाहू. १८५९ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. उचल घेऊन काम टाकणाऱ्या कारागिरास किंवा मजुरास मॅजिस्ट्रेटापुढे उभे करावे, आणि पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम त्याने मानला नाही तर त्यास कैदेत टाकावे, असा तो कायदा. गरिबावर त्याचा जुलूम फार झाला. १९२५ साली तो रद्द झाला. पुढे १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा होऊन वेठीस धरणारी कर्जेही रद्द ठरली. आज १८७२ च्या कराराच्या कायद्याने शब्द मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते, परंतु कोणा मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध कोणाच्या चाकरीत बसविण्याचा हुकूम न्यायालय देत नाही. हे योग्यच आहे. मनुष्य हा बैल नव्हे की त्यास दावणीला बांधावे. परंतु दावे सुटले म्हणून शब्दही सुटला असे नव्हे. पूर्वी तुरुंगाची भीती जे राखीत होती ते आता आमच्या सद्सद्विवेकाने राखले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. उसाचा हंगाम आला की बीडसारख्या कोरडवाहू मुलखातून तोडणीच्या टोळ्या येतात. नवराबायकोचा एक कोयता धरून मुकादम वाहनमालकाकडून उचल घेतो. त्यांतील कित्येक मुकादम दोघा-तिघांकडून उचल घेऊन भलत्याच कारखान्यास टोळी नेतात. ज्याने ट्रॅक्टर कर्जावर घेतला आणि उचलीचा पैसाही कर्जानेच उभा केला, तो लहान शेतकरी दारात बसून रडतो. उलट, उचल फिटली नाही म्हणून टोळीस अडकवून ठेवणारे, आजारी बाईसही फडात उभी करणारे मालकही आहेत. ह्या दोन्ही पापांचे मूळ एकच: पैसा हातात आला की समोरचे माणूस दिसेनासे होते.

तर मग ठरलेली चाकरी सोडणे कधीच योग्य नाही काय? ह्याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात मिळते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली त्यांस परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, आणि शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार झाला. १९१७ साली ते त्याप्रमाणे बडोद्यास हजर झाले. तेथे शिपाई कागद दुरून टाकीत. राहावयास जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, तर त्याने पत्नीस विचारावे लागेल असे सांगून वेळ मारून नेली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे, आणि ते वाचताना ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांची मान खाली गेली पाहिजे. ते बडोदे सोडून निघाले. त्यांनी शब्द मोडला असे कोण म्हणेल? ते शब्द पाळण्यासाठीच गेले होते. ज्या समाजाने त्यांस छप्पर नाकारले त्याने तो मोडला. लेवी लाभासाठी गेला, आंबेडकरांस अपमानाने घालविले. दोघेही निघून गेले, पण देवाच्या तराजूत ही दोन जाणी एका पारड्यात पडणार नाहीत.

तसेच, ज्याने शब्द राखला असा मनुष्यही आमच्या महाराष्ट्रात होऊन गेला. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सभासद होणारे वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याचे वचन देत. धोंडो केशव कर्वे १८९१ साली तिच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढे १८९६ साली त्यांनी अनाथ विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. त्यांचा सर्व जीव त्या आश्रमात गुंतला होता. तरी त्यासाठी कॉलेजास दिलेला शब्द त्यांनी टाकला नाही. हिंगण्याहून पायी येऊन शिकवीत, आणि १९१४ साली निवृत्त झाले. पैशाहून किती तरी थोर काम बोलावीत असता त्यांनी पहिला शब्द पुरा केला.

आता उपदेशकांनी व आईबापांनी मुलांस काय सांगावे?

पहिली गोष्ट, होकार देण्याची घाई करू नये. बुरूज बांधणाराने आधी बसून खर्च मोजावा असे प्रभूने शिकविले. दुसरीकडे मुलाखत झाली असेल तर तसे सरळ सांगावे, आणि दोन दिवसांची मुदत मागावी. मुदत मागितल्याने कोणाचा मान जात नाही.

दुसरी गोष्ट, होकार दिल्यावर खरी अडचण आली, घरी दुखणे निघाले, कबूल केलेला पगार किंवा काम प्रत्यक्षात निराळे निघाले, तर लपून बसू नये. स्वतः जाऊन कारण सांगावे, घेतलेली उचल परत करावी, आणि मोकळे करण्याची विनंती करावी. पौलासही करिंथास जाण्याचा बेत बदलावा लागला, तेव्हा त्याने त्याचे कारण पत्रात लिहून कळविले. प्रेषितानेही जबाब दिला, तर आम्ही फोन बंद करून कसे बसावे?

तिसरी गोष्ट, केवळ पगार अधिक म्हणून जावेसे वाटत असेल, तर तेही खरेच सांगावे. मालकाने आनंदाने मोकळे केले तर देवाचे आभार मानून जावे. त्याने अडचण सांगितली तर निदान दुसरे माणूस मिळेपर्यंत, किंवा ठरलेल्या नोटिशीची मुदत भरेपर्यंत, मन लावून काम करावे. मग जाताना पाठीमागे कोणाचा आक्रोश राहणार नाही.

चौथी गोष्ट मालकांसाठी आहे, कारण सालगडी ठेवणारे आमच्यांतही आहेत. पाडव्याला एकास बोलावून, अधिक राबणारा दिसताच त्यास परत पाठविणे, किंवा ठरलेली मजुरी दाबून ठेवणे, हेही होकार देऊन मागे फिरणेच होय. अडविलेल्या मजुरीची ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोब लिहितो.

आणि शेवटची गोष्ट सर्व मंडळीसाठी. पाच हजार रुपयांनी डळमळणारे घर एकटे सोडून त्यास केवळ उपदेश करणे सोपे आहे. त्या मुलीने सोलापुरास जाऊन शब्द राखला, तर बापाच्या कर्जाचे दोन हप्ते मंडळीच्या पेटीतून बिनव्याजी देता येणार नाहीत काय? ज्या मंडळीस आपल्या लेकरांनी खरे बोलावे असे वाटते, तिने त्या खरेपणाच्या भाराखाली आपलाही खांदा द्यावा.

ज्याने आम्हांस दिलेले वचन स्वतःच्या पुत्राची किंमत देऊनही फिरविले नाही, तो देव आमच्या होकारास तसेच बळ देवो. आमेन.