हिरोशिमात जेवताना

हिरोशिमाला एका दिवसासाठी जाणाऱ्यांचा दिवस साधारण एकाच साच्याचा असतो. ओसाका किंवा क्योतोहून सकाळची शिनकान्सेन पकडायची. स्टेशनाबाहेर ट्राम घेऊन बॉम्बमधून उभ्या राहिलेल्या इमारतीपाशी, गेन्बाकू डोमपाशी उतरायचं. शांतता उद्यानातून चालत संग्रहालयात जायचं आणि दोनेक तासांनी गप्प होऊन बाहेर पडायचं. दुपारी ओकोनोमियाकी. मग बोटीनं मियाजिमा बेट, समुद्रात उभी असलेली शेंदरी तोरी, माणसांना सरावलेली हरणं, मेपलच्या पानाच्या आकाराचे मोमिजी मांजू, भाजलेली कालवं. रात्रीच्या गाडीनं परत. मीही एका नोव्हेंबरात याच क्रमानं हा दिवस घालवला, आणि तो छान गेला.

'छान गेला' हे दोन शब्द लिहिताना जी किंचित अडखळ होते, ती या लेखाचा विषय आहे.

हिरोशिमाला निघालेले लोक एकमेकांना हमखास विचारतात, की संग्रहालय जेवणाआधी पाहावं की नंतर? प्रश्न वरकरणी पोटाचा आहे. नंतर पाहिलं तर मळमळेल, आधी पाहिलं तर घास उतरणार नाही. पण त्याच्या आत दुसरा प्रश्न दडलेला आहे. जिथे १९४५ सालच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली, तिथे आपण चवीनं खावं का? आणि खाल्लं, तर त्यातून आपल्याबद्दल काय सिद्ध होतं?

संग्रहालयात या प्रश्नाला टाळता येत नाही, कारण तिथे एक जेवणाचा डबा आहे. शिगेरू ओरिमेन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा ६ ऑगस्टच्या सकाळी तो घेऊन घराबाहेर पडला. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरात घरं पाडून मोकळे पट्टे तयार केले जात होते आणि त्या कामाला शाळकरी मुलं लावली होती. सव्वाआठला बॉम्ब फुटला. आईला मुलाचा देह सापडला तेव्हा डबा त्याच्या देहाखाली होता. आतला भात आणि बटाट्याची भाजी यांचा कोळसा झाला होता. काचेपलीकडे तो डबा आजही तसाच, कोळशासकट आहे. त्यानंतर तासाभरात आपण कुठेतरी काउंटरवर बसून मेनू कार्ड उघडतो.

असा पेच आपल्या परंपरेला नवा नाही. आपण त्याला नियमांत बांधलं आहे. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात पाठवतात आणि घरातल्यांना समोर बसून चार घास खायला लावतात. पुढचे दिवस सुतकाचे. गोडधोड नाही, देवपूजा नाही. मग तेराव्याला गोडाचं जेवण, आणि सुतक फिटतं. कर्मकांड म्हणून याकडे नाक मुरडणाऱ्यांनाही यातलं शहाणपण मान्य करावं लागेल. शोकाला मुदत आहे. आणि ती मुदत संपवण्याचं काम शोक करणाऱ्याच्या मनावर सोडलेलं नाही. त्याला स्वतःहून कधीच 'आता पुरे' म्हणता येणार नाही, म्हणून समाज ते म्हणतो आणि त्याच्या ताटात गोड वाढतो.

या नियमानं पाहिलं तर हिरोशिमात दुपारी जेवणाऱ्या प्रवाशाला अपराधी वाटण्याचं कारण नाही. ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्या शहरानंच चूल पुन्हा पेटवली आहे आणि तेच वाढतं आहे. बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, तिथे एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. बॉम्ब झेललेल्या गाड्यांपैकी एखाददुसरी अजूनही रस्त्यावर दिसते. लोक तिच्यातून ऑफिसला जातात.

ओकोनोमियाकीची गोष्ट तर याहून थेट आहे. युद्धाआधी इथे मैद्याच्या पातळ धिरड्यावर थोडा कांदा आणि सॉस घालून दुमडून देत. पोरांचा एका पैशाचा खाऊ. युद्धानंतर तांदूळ मिळेना, आणि अमेरिकेच्या मदतीतून गव्हाचं पीठ येऊ लागलं. त्या धिरड्यावर कोबीचा ढीग चढला, मग मोड आलेली कडधान्यं, दिवस बरे आले तशी डुकराच्या मांसाची कापं, नूडल्स, अंडं. पोरांचा खाऊ मोठ्यांचं पोटभर जेवण झाला. नवरा गमावलेल्या अनेक बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत लोखंडी तवा टाकून हाच धंदा केला. शहरातल्या कितीतरी जुन्या दुकानांच्या नावात शेवटी 'चान' लागतं, म्हणजे आपल्या 'ताई'-'माई'सारखं घरगुती संबोधन. ओसाकात सगळं एकत्र कालवून तव्यावर ओततात. हिरोशिमात थरावर थर रचतात, वर धिरडं झाकतात आणि उलथं मारून दाबतात. कोबी स्वतःच्या वाफेत शिजतो. छोट्या लोखंडी उलथन्यानं तव्यावरूनच तुकडा तोडून तोंडात टाकायचा. जीभ भाजते, गोडसर दाट सॉस ओठांना लागतो, आणि खरं सांगायचं तर ते फार चविष्ट लागतं.

ज्या देशानं बॉम्ब टाकला त्याच देशाच्या पिठातून ज्यांनी संसार उभे केले, त्यांच्यासमोर बसून घास नाकारणं हा कसला आदर? आपण उपाशी राहिल्यानं त्या मुलाचा डबा भरत नाही. एका दिवसापुरतं दुसऱ्याचं सुतक पाळणं हे बहुधा आरशासमोरचं पाळणं असतं.

इथे लेख संपवता आला असता. पण हे उत्तर मला जरा जास्तच सोयीचं वाटतं. त्याची शंका दुपारच्या बोटीत येते.

डोमजवळच्या नदीकाठावरून थेट मियाजिमाला बोट जाते. साधारण पाऊण तास. डोम आणि मियाजिमाचं इत्सुकुशिमा देऊळ, दोन्ही १९९६ साली एकाच वेळी जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि ही बोट त्या दोघांना जोडते. मियाजिमा हे पवित्र बेट. तिथे जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध होते. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला आणि मरणाला टेकलेल्या माणसाला समुद्रापलीकडे नेत. बेटावर आजही दफनभूमी नाही. सोयर आणि सुतक, दोन्ही पाण्यापलीकडे ठेवलेली ही जागा. मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे प्रवासी सकाळी जिथे मृत्यू शहराच्या मधोमध ठेवला आहे तिथून निघतो आणि दुपारी जिथे मृत्यूला प्रवेशच नव्हता तिथे उतरतो. भरती असली तर तोरी पाण्यात, ओहोटी असली तर तिच्या खांबांपर्यंत चालत जाता येतं. जपानमधली निम्म्याहून जास्त कालवं या हिरोशिमा प्रांतातली. ती शिंपल्यासकट निखाऱ्यावर ठेवतात, शिंपला उघडला की लिंबू पिळतात. सूर्य कलतो. आणि मन हलकं होतं. सकाळी जे झालं ते 'झालं' असं वाटू लागतं. तेरा दिवसांचं काम पाच तासांत उरकून सुतक फिटलेलं असतं.

गैर काही असेल तर ते या हलकेपणात आहे, जेवणात नाही. संग्रहालयाचं तिकीट २०० येन. त्यावर आपण स्वतःच्या मनानं आणखी एक फी भरतो: दोन तासांचं खरंखुरं दुःख. ते खोटं नसतं. डोळे भरून येतात ते खरेच येतात. पण फी भरली की माणूस पावती मागतो, आणि पावती म्हणजे ही निवांत संध्याकाळ. आपल्याला वाईट वाटलं, म्हणजे आपण आपलं देणं दिलं, असा तो हिशेब.

हा हिशेब चुकतो, कारण सुतकाचा नियम मृत्यूसाठी आहे. माणूस मेला की आप्तांचं दुःख कधीतरी संपावं लागतं, आणि ते संपवायला नियम मदत करतो. हिरोशिमात माणसं मेली खरी, पण ती कुणीतरी ठरवून मारली. मारण्याचं ते साधन आजही नऊ देशांकडे तयार आहे. घडलेल्या मृत्यूचं सुतक फिटू शकतं. चालू असलेल्या गोष्टीचं फिटत नाही, त्याबद्दल फक्त आपण कुठे उभे आहोत हे विचारता येतं.

उद्यानातल्या स्मृतिशिलेवर नेमका हाच प्रश्न कोरलेला आहे. आपण शांतपणे निजा, ही चूक पुन्हा होणार नाही, असा त्या ओळीचा आशय. जपानी वाक्यात कर्ता नाही. चूक कुणाची, आणि पुन्हा न करणारे कोण, ते वाक्य सांगत नाही. मराठीतही 'पुन्हा करणार नाही' एवढंच म्हटलं तर मी, तो, आम्ही, ते, कुणीही त्यामागे लपू शकतो. शाळेत गुरुजी म्हणून तर 'मी' लिहायला लावायचे.

१९५२ साली ही ओळ वाचून एक भारतीय माणूस संतापला. राधाबिनोद पाल, तोक्यो खटल्यातले न्यायाधीश, ज्यांनी वेगळा निकाल देऊन सगळ्या जपानी आरोपींना निर्दोष ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं, बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग जपान्यांनी चुकीची कबुली का द्यावी? ती ओळ लिहिणारे प्राध्यापक ताादायोशी साइका स्वतः बॉम्बमधून वाचलेले होते. त्यांनी पालना कळवलं, की यातले 'आम्ही' म्हणजे सगळी माणसं.

दोघांचंही मला अर्धंच पटतं. पाल यांच्या म्हणण्यात हिरोशिमा हे लष्कराचं मोठं ठाणं होतं, इथल्या उजिना बंदरातून सैन्य आशियाभर गेलं, हे बाजूला पडतं. बॉम्बनं मेलेल्यांत हजारो कोरियन होते. त्यांचं १९७० सालचं स्मारक उद्यानाबाहेर उभं राहिलं आणि आत यायला १९९९ उजाडलं. साइकांच्या 'सगळी माणसं'मध्ये दुसरी अडचण आहे. चूक सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही. बॉम्ब टाकणारा, टाकायला सांगणारा आणि डबा घेऊन निघालेला मुलगा एकाच सर्वनामात बसतात.

तरीही त्या शिलेसमोर उभ्या असलेल्या भारतीयाला साइकांचं 'आम्ही' टाळता येत नाही. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, ११ मे १९९८ला, आणि पुन्हा १३ मेला आपण पोखरणमध्ये स्फोट केले. भारताला अण्वस्त्रं हवीत की नकोत हा प्रामाणिक वाद आहे. शेजाऱ्यांकडे ती असताना आपल्याकडे नसावीत असं म्हणणं सोपं नाही, आणि तो वाद मी इथे मिटवू शकत नाही. पण त्या दिवसांत देशात फटाके वाजले आणि रस्त्यारस्त्यांत पेढे-मिठाई वाटली गेली. एखादं काम नाइलाजानं करावं लागलं असं मानलं, तरी नाइलाजाचे पेढे कुणी वाटत नाही.

म्हणून जेवणाआधी की नंतर, या प्रश्नाबद्दल माझं मत असं झालं आहे. हिरोशिमात निर्धास्त जेवावं. तवा तापलेला आहे, समोरची बाई तिच्या सासूनं सुरू केलेलं दुकान चालवते आहे, तिला आपल्या उतरलेल्या चेहऱ्याचा काही उपयोग नाही. आधी खा किंवा नंतर खा. त्या घासात अनादर नाही, कारण तो घास जगण्याच्या बाजूचा आहे. कालवंही खा.

अन्न आणि बॉम्ब यांचा गैर मेळ जमतो तो वेगळ्या ठिकाणी, डोमपासून हजारो मैलांवर, आपल्याच गल्लीत. तिथे कोळसा झालेला डबा समोर नसतो, त्यामुळे घशाशी काही येत नाही, आणि पेढा सहज उतरतो. तिथेच संग्रहालयातल्या त्या दोन तासांचा उपयोग व्हायला हवा. तेवढं झालं तर सकाळचं दुःख फी म्हणून खर्ची पडलं नाही, आणि दिवस छान गेला असं म्हणायला अडखळण्याचं कारणही उरत नाही.