‘जंतू आढळले नाहीत’

क्षयाचा संशय असलेल्या मनुष्याचा बेडका काचपट्टीवर पसरून रंगवितात. कार्बोल फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत तापवायचे, पण उकळू द्यायचे नाही. मग आम्लाने रंग उतरवायचा, शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्यावर लाल काड्यांसारखे जंतू दिसतात. दिसले तर प्रश्न मिटला. न दिसले तर मात्र, तसे लिहिण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली निदान १०० क्षेत्रे पाहावीत असा नियम आहे.

आता वीस क्षेत्रे पाहून उठलेला तंत्रज्ञ ‘आढळले नाहीत’ असे लिहितो, तेव्हा तो खोटे बोलतो काय? अक्षरशः पाहिले तर नाही. त्याला खरोखरच आढळले नव्हते. तरीही आम्ही त्याला खोटेच म्हणू. त्या शब्दांत ‘मी नीट शोधले’ हे न लिहिलेले वचन आहे, आणि डॉक्टर त्यावरच विसंबतो. रोगी निर्धास्त होऊन घरी जातो व लेकरांजवळ निजतो. काही पट्ट्यांची फेरतपासणी होते हे खरे, पण प्रत्येक पट्टीची कशी व्हावी?

काही म्हणतात, प्रामाणिकपणा घरून यावा लागतो, तो वर्गात शिकविता येत नाही. हे अर्धेच खरे आहे. चांगल्या घरचा मुलगाही, मान अवघडली आणि पंधरा पट्ट्या शिल्लक असल्या म्हणजे, विसाव्या क्षेत्राशी उठतो. त्याला ‘बस बाळा, पुन्हा मोज’ असे म्हणणारा कोणी शेजारी हवा. आणखी एक गोष्ट हवी. ‘सर, माझी पट्टी बिघडली’ असे तो सांगू लागला तर गुरुजींनी ते ऐकून घेतले पाहिजे. जो शिक्षक त्यावर ओरडतो, तो लपविण्यास शिकवितो. (शब्बाथशाळेच्या शिक्षकांस हे निराळे सांगावयास नको.)

अशा शिक्षकांची आठवण आपल्या मंडळ्यांत फारशी निघत नाही. डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी प्रार्थना होते. तंत्रज्ञ क्वचित आठवतो, त्याला घडविणारा मुळीच नाही. वास्तविक ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडियाच्या देखरेखीखाली मिशन रुग्णालयांतून हे वर्ग कित्येक वर्षे चालत आले आहेत. २०२१ साली संसदेने सहाय्यक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात प्रयोगशाळेतील तंत्रज्ञही आले. पदविका किंवा पदवी, काही वर्षे प्रत्यक्ष काम, पुढे पदव्युत्तर शिक्षण, असा शिकविण्याकडे जाणारा मार्ग आहे. हातात कसब असलेल्या मनुष्यानेच तो धरावा असे आम्हांस वाटते. पुस्तकावरून मान अवघडत नाही.

आता क्षयाचे जंतू यंत्रेही ओळखतात, मग शिक्षक कशाला, असे कोणी विचारील. परंतु डबीत बेडक्याऐवजी नुसती लाळ आली, तर त्या रोग्याला थांबवून, छातीतून खोकून पुन्हा देण्यास सांगावे लागते. आणि तेही बाहेर तीस माणसे रांगेत उभी असताना.