नेम किती लांबचा?

नळीतून सुटलेली गोळी सरळ जाते, असा आपला समज असतो. ती सरळ जात नाही. सुटल्या क्षणापासून ती हातातून निसटलेल्या दगडासारखीच खाली येऊ लागते. सेकंदाच्या दहाव्या भागात दोन इंच, पाव सेकंदात फूटभर. म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते आणि पुढे कुठेतरी डोळ्याची रेषा व गोळीची वाट एकमेकींना मिळतात. त्या शंभर वारांवर मिळाव्यात की दोनशे, हे बंदूकवाल्याने आधीच ठरवून माशी बसवून घ्यायची असते. थर्टी-नॉट-सिक्ससारख्या रायफलीचा नेम दोनशेवर बसवला, तर शंभरावर गोळी दोनेक इंच वर लागते आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली. शंभरावर बसवला, तर दोनशेवर ती चार-पाच इंच खाली जाते.

जाणकार याला गणित म्हणतात. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्या मास्तराला यात गणितापेक्षा नीतीच अधिक दिसते.

भोर-वेल्ह्याचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. तोरण्या-राजगडाच्या पायथ्याची भातखाचरे, वर कारवीची रानें, मध्ये खोल ओहोळ. कारवीत जनावर दिसते ते तीस-चाळीस पावलांवर. पण ओहोळापलीकडच्या उतारावर तेच दोनशे-अडीचशे वारांवर अगदी स्वच्छ दिसते, आणि मोह होतो तो तिथेच. उतारावर आणखी एक गंमत आहे: खाली किंवा वर रोखलेली गोळी सपाटीच्या मानाने कमी पडते, म्हणून नेमापेक्षा उंच लागते. पंचेचाळीस अंशांच्या चढावर शंभर वारांचे अंतर गोळीला सत्तरच वाटते. शिवाय मधल्या वेळात जनावर पाऊल उचलते. काळजाऐवजी पोटात गोळी बसलेले डुक्कर कारवीत शिरते, ते दुसऱ्या दिवशी भेटते गवत कापायला गेलेल्या बाईला. बार काढणारा तेव्हा घरी चहा पीत असतो.

दशरथाच्या हातून श्रावणबाळ गेला तो नेम चुकल्यामुळे नव्हे. नेम अचूकच होता. समोर काय आहे ते पाहिले नव्हते, एवढेच. पलीकडच्या उतारावर डुकरामागे पायवाट असते, पायवाटेवर माणूस असतो.

कुणी म्हणेल, साधते तर का सोडावे? आजोबा-पणजोबांच्या हातात ठासणीची बंदूक होती, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. तिचा पल्लाच तोकडा. मर्यादा बंदुकीनेच घालून दिलेली. रायफलीने ती काढून घेतली, तेव्हा ती माणसाने घालून घ्यायला हवी. तीही घरी, थंड डोक्याने, जनावर समोर नसताना. समोर आल्यावर ठरवलेले अंतर नेहमी जनावर जिथे उभे असते तेवढेच भरते! म्हणून मी शंभर वार म्हणेन. पलीकडचे आपले नव्हे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशीची शिकार बंद झाली, ते चांगलेच झाले. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. पण ज्याला रीतसर परवानगी मिळते, त्याला अंतराचा प्रश्न सुटलेला नाही.

आणि तो सोपाही नाही. दिवाळीच्या सुमारास इकडचे भात कापणीला येते. रानडुकरांची दिवाळीही तेव्हाच. ओहोळापलीकडे, अडीचशे वारांवर, स्वतःच्याच खाचरात कळप लोळताना दिसतो. ओहोळ उतरून पलीकडे चढेपर्यंत निम्मी ओंबी मातीत जाणार. अशा वेळी शेतकऱ्याला ‘उतर, जवळ जा, मग बार काढ’ असे कुणी सांगावे? मी सांगेन. मात्र सांगताना मला हेही ठाऊक असेल, की ते भात माझे नाही आणि माझा पगार एक तारखेला होतो.