सोडून दिलेला मासा

कोकणात खाडीकाठी गरी टाकून बसलेला म्हातारा संध्याकाळच्या कालवणापुरते मासे घेतो आणि घरी जातो. त्याच्याशी माझं काही भांडण नाही. पोटासाठी घेतलेल्या जिवाचा हिशेब आपल्या समाजाने आपापल्या परीने लावलेला आहे. मला अस्वस्थ करतो तो दुसरा प्रकार. मासा खायचा नाही, विकायचा नाही. गळाला लावायचा, दमेपर्यंत खेळवायचा, हातात धरून फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. धरणांच्या जलाशयांवर सुट्टीच्या दिवशी महागड्या काठ्या घेऊन येणारे हे हौशी लोक मनाने वाईट नसतात. मासा सोडताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसणारं समाधानही खरं असतं. सोडला, म्हणजे आपण त्याचं काही बिघडवलं नाही, असं त्यांना मनापासून वाटतं.

पण बिघडलेलं असतं. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने ओढ घेतो आणि त्यात त्याची सगळी ताकद संपते. त्याला प्राणवायूची सर्वांत जास्त गरज असते ती त्यानंतर, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. कल्ल्यांमध्ये अतिशय नाजूक पापुद्रे असतात. पाण्यात ते सुटे तरंगतात आणि त्यांच्यातूनच रक्तात प्राणवायू जातो. हवेत येताच ते भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात. मासा तोंड उघडमीट करत राहतो आणि आत काहीच पोचत नाही.

कॅनडातल्या दोन संशोधकांनी 1992 साली हे मोजून पाहिलं. त्यांनी ट्राउट मासे टाकीत पळवून पळवून दमवले. त्यानंतर जे पाण्यातच राहू दिले, त्यांतले 12 टक्के पुढच्या बारा तासांत मेले. जे अर्धा मिनिट हवेत धरले, त्यांतले 38 टक्के मेले, आणि जे एक मिनिट धरले, त्यांतले 72 टक्के. प्रत्येक जातीला आणि प्रत्येक नदीला हेच आकडे लागू पडतील असं नाही. तरीही त्यातलं ते एक मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही. खिशातून मोबाइल काढायचा, ‘जरा वर धर’ म्हणायचं, पहिला फोटो हलला म्हणून दुसरा घ्यायचा, तेवढ्यात मिनिट संपतं. मासा शेपटी मारून दिसेनासा होतो, काठावरचे टाळ्या वाजवतात. तो मरतो तो नंतर, खोल पाण्यात. तिथे कुणी बघायला नसतं.

माशाला दुखतं का, यावर वाद आहे. 2003 साली एडिंबराजवळच्या रॉझलिन संस्थेत ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं गेलं. मासे तास न् तास खाईनात, आणि ज्यांना आम्ल टोचलं होतं ते टाकीच्या तळाच्या खडीवर ओठ घासत राहिले. माशाच्या मेंदूला आपल्यासारखी वेदना कळूच शकत नाही, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. माझ्यापुरता मी निकाल लावून टाकला आहे. संशयाचा फायदा माशाला. तो आरोपीही नाही आणि आपल्या करमणुकीत सामील व्हायला तो स्वतःहून आलेलाही नाही.

आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राण्याचा समावेश होतो, म्हणजे मासाही आला. स्वित्झर्लंडने 2008 च्या नियमांत आणखी पुढे जाऊन, सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला मनाई केली. खायचा असेल तरच धरा, असा त्याचा अर्थ. तो मला पटतो.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कावेरीतला पाठीवर मदार असलेला महाशीर मासा संपत चालला आहे, हे जगाला कळलं ते हौशी मासेमारांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे. 2018 साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. नदीवर प्रेम करणारी माणसं त्यांच्यात होती, यात शंका नाही. पण त्याच नदीत मासे वाढावेत म्हणून लोणावळ्यातल्या पैदास केंद्रातली निळ्या परांच्या महाशीरची पिल्लं आणून सोडली गेली. हा आपला पुण्याकडच्या नद्यांतला महाशीर. 1839 साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कावेरीत तो फोफावला आणि तिथला मूळचा मासा मागे पडला. हेतू चांगला होता. माशाच्या नशिबी हेतू येत नाही, परिणाम येतो.

महाशीर जवळून बघायची हौस असेल, तर महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीच्या नावाने तिथले मासे राखलेले आहेत. चुरमुरे टाकले की हे मोठाले मासे वर येतात, आणि तिथे कुणी गळ टाकत नाही.

एवढं वाचूनही ज्यांना काठी ठेववत नाही, त्यांच्याकडे माझं मागणं आहे. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, म्हणजे तो ओठ न फाडता निघेल. मासा कोरड्या हाताने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण असतं. त्याला जबड्याने उभा टांगू नका. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असेल तेव्हा जाऊच नका, कारण त्या पाण्यात आधीच प्राणवायू कमी असतो. आणि फोटो हवाच असेल, तर मासा पाण्यात असतानाच काढा.